चौथ्या दिवशी घरी

"दुर्बिणीनंच काढणार आहेत रे, टाक्याचं नाही. चौथ्या दिवशी घरी."

काकूंनी हे वाक्य त्या आठवड्यात किती जणांना फोनवरून ऐकवलं असेल, याची मोजदाद नाही. माझ्या चुलत भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं आणि वहिनी आपली एक किडनी देणार हे ठरलं होतं. कधी ठरलं, कोणत्या संध्याकाळी, विषय पहिल्यांदा कोणी काढला, हे मी पुढे विचारून पाहिलं. कोणालाच नीट सांगता आलं नाही. सगळ्यांना आठवत होतं ते एवढंच, की हल्ली हे ऑपरेशन दुर्बिणीनं होतं.

ऑपरेशन उत्तम झालं. दादा आज हिंडता-फिरता आहे, वहिनीही घरात वावरत असतात. तेव्हा हा लेख तक्रारीचा नाही, डॉक्टरांविरुद्ध तर मुळीच नाही. मला भांडायचं आहे ते काकूंच्या त्या वाक्याशी. छेद लहान म्हणून ऑपरेशन लहान, ऑपरेशन लहान म्हणून देणं लहान, आणि देणं लहान म्हणून मागायलाही संकोच नको, असा एक हिशेब त्या वाक्यात बसलेला आहे. तो हिशेब आपल्या बहुतेक घरांत बसलेला आहे आणि तो चुकतो आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

हिशेबाला आधार नाही असं नाही. पूर्वीचा छेद खरोखर धडकी भरवणारा होता. मूत्रपिंड वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, लांबीला चार-साडेचार इंच, पण बसलेलं अडचणीत. पाठीच्या भिंतीला टेकलेलं, वरून शेवटच्या बरगड्यांचा आडोसा, पुढून आतड्यांचा पडदा. हायडेलबर्गच्या गुस्टाव सिमॉन यांनी २ ऑगस्ट १८६९ रोजी पहिल्यांदा ठरवून, तयारी करून माणसाचं मूत्रपिंड काढलं, ते कमरेच्या बाजूनं, पाठीतून. एका मूत्रपिंडावर माणूस तगेल का, याची तोवर कोणालाच खात्री नव्हती. सिमॉन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, ती जगतात हे पाहिलं आणि मगच सुरी उचलली. रुग्ण एक स्त्री होती. आधीच्या एका शस्त्रक्रियेत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी सतत पाझरत होती. ती बरी झाली.

पुढची शंभराहून अधिक वर्षं शल्यविशारद बहुधा त्याच बाजूनं आत शिरत राहिले. रुग्णाला कुशीवर वळवायचं, टेबल मधोमध उंचावून कूस ताणायची आणि वीतभर छेद घ्यायचा. स्नायूंचे थर कापायचे, अनेकदा अकराव्या किंवा बाराव्या बरगडीचा तुकडाही काढायचा. जखम भरायची, पण कूस महिनोन्‌महिने दुखायची. काहींची कूस कायमची फुगलेली राहायची. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमधलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं आणि या शस्त्रक्रियेत एक नवाच माणूस टेबलावर आला: ज्याला काहीच झालेलं नाही असा. नवी किडनी बसवतात ओटीपोटाच्या एका बाजूला, त्वचेपासून फार खोल नाही. ती काढायची मात्र पाठीशी लपलेल्या कोनाड्यातून. म्हणजे आजारी घेणाऱ्यापेक्षा धडधाकट देणाऱ्याची जखम मोठी, असा हा उफराटा व्यवहार होता.

तो बदलायला १९९० साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या २५ जूनला अमेरिकेतल्या सेंट लुइस इथं राल्फ क्लेमन यांनी ८५ वर्षांच्या एका बाईंचं गाठ असलेलं मूत्रपिंड दुर्बिणीनं काढलं. जवळजवळ सात तास लागले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, बोटाएवढ्या नळ्यांतून कॅमेरा आणि लांब दांड्यांचे चिमटे-कात्र्या आत घालायच्या, हे तंत्र पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत रुळू लागलं होतं. पण मूठभर आकाराचा अवयव अकरा मिलिमीटरच्या भोकातून बाहेर आणायचा कसा? क्लेमन यांनी तो आतच एका पिशवीत घातला, पिशवीतच त्याचे तुकडे केले आणि ते ओढून घेतले. फेब्रुवारी १९९५ मध्ये बाल्टिमोरला लॉइड रॅटनर आणि लुई कवूसी यांनी जिवंत दात्याची किडनी याच वाटेनं काढली. तिथं तुकडे करून भागणार नव्हतं. किडनी अखंड हवी, जिवंत हवी, आणि रक्त बंद झाल्यापासून काही मिनिटांत बर्फगार द्रावणात हवी. म्हणून दात्याला तीन-चार भोकांखेरीज तीनेक इंचांचा एक छेद द्यावाच लागतो. आता तो बहुतेक वेळा ओटीपोटावर आडवा घेतात, सिझेरियनचा असतो त्याच रेषेत.

वहिनींच्या दोन्ही मुली सिझेरियनच्या. सर्जननी तीच जुनी खूण उघडून किडनी बाहेर काढली. पोटावर नवीन म्हणावं असं उरलं काय, तर तीन ठिपके. काकूंना याचं फार अप्रूप. "बघ, नवी खूणसुद्धा नाही," त्या मला म्हणाल्या.

या तंत्राचं मला स्वतःला किती कौतुक आहे, ते इथंच सांगून टाकतो. आणि या कौतुकात मुंबईचा वाटा मोठा आहे. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ सालीच जे. जे. रुग्णालयात पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली होती. पित्ताशयाची देशातली पहिली दुर्बीण-शस्त्रक्रियाही त्यांनी तिथंच, १९९० मध्ये केली. गरिबाला लवकर कामावर परतता यावं म्हणून ही शस्त्रक्रिया गरिबालाच अधिक हवी, हा त्यांचा आग्रह होता. मूत्रपिंडाच्या बाबतीत तर मुंबईनं जगाला वाट दाखवली. मूत्रपिंड पोटाच्या पडद्याच्या मागे असतं. सिमॉन यांच्यासारखं पाठीतून गेलं तर आतड्यांना हातही लावावा लागत नाही. पण दुर्बिणीला लागते मोकळी जागा, आणि पाठीमागे सगळं चरबीनं ठासून भरलेलं. तिथं गॅस सोडला तरी पुरेशी जागा होईना. बॉम्बे हॉस्पिटलमधले मूत्ररोगतज्ज्ञ डॉ. दुर्गा गौर यांनी १९९२ मध्ये यावर उपाय प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याचं एक बोट कापायचं, ते कॅथेटरच्या टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधायचं, लहानशा छेदातून मूत्रपिंडामागे सरकवायचं आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा असतो तसल्या रबरी फुग्यानं हवा भरायची. बोट फुगतं, चरबी बाजूला सरते, पोकळी तयार होते. पुढे कंपन्यांनी यासाठी छान वेष्टनातले महागडे फुगे विकायला काढले. मूळ कल्पना हातमोज्याच्या बोटाची होती. लहान छेद म्हणजे श्रीमंती चोचला, असं म्हणणाऱ्याला दाखवायला हे एक बोट पुरे.

तरीही तक्रार उरते, कारण लहान झाला आहे तो दरवाजा. आत जे घडतं त्याचा आकार तेवढाच आहे.

आधी आजारी किडनीचंच घेऊ. तिथं दाता नाही, दुसऱ्याचा जीव गुंतलेला नाही, लहान छेदाचा सगळा लाभ रुग्णाचाच. पण तिथंही छेदाच्या मोहानं एकदा डोळे दिपले होते. किडनीतली गाठ चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुतेकदा तेवढीच गाठ काढून बाकीची किडनी वाचवता येते. हे काम सुरुवातीला मोठ्या छेदातूनच नीट जमत असे. दुर्बिणीनं अख्खी किडनी काढणं त्या मानानं सोपं. मग काही काळ असं होत राहिलं, की वाचवता येण्याजोग्या किडन्याही लहान छेदातून सबंध काढल्या गेल्या. रुग्ण खूश, टाके कमी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. पुढे वैद्यकविश्वातूनच याविरुद्ध आवाज उठला: कातडीवरचे चार इंच वाचवण्यासाठी आतला एक अवयव खर्ची घालायचा, याला कमीत कमी इजा कसं म्हणायचं? इजा कशानं मोजायची, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा नीट विचारला गेला. उत्तर असं आलं की जे कापलं त्यानं नव्हे, जे गमावलं त्यानं मोजायची.

हाच गज दात्याला लावून पाहा. किडनीला रक्त देणारी धमनी थेट महाधमनीतून निघते. दात्याच्या शस्त्रक्रियेत ती शक्य तेवढी लांब हवी असते, म्हणजे घेणाऱ्याला जोडता येईल. त्यामुळे दात्याच्या शरीरात उरतं ते आखूड टोक. त्या आखूड टोकावर लावलेली प्लास्टिकची कुलूप-क्लिप निसटून काही दाते दगावले. म्हणून २००६ मध्ये उत्पादकानंच दात्यांच्या शस्त्रक्रियेत धमनीला ही क्लिप वापरू नये असं जाहीर केलं, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा एकदा बजावावं लागलं. असे प्रसंग विरळा, हे खरंच. अमेरिकेत १९९४ ते २००९ या काळातल्या ऐंशी हजारांहून अधिक दात्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नव्वद दिवसांच्या आत मृत्यू झालेल्या दात्यांचं प्रमाण दहा हजारांत ३.१ निघालं. धोका फार थोडा, दिलासा देणारा. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. ही पंधरा वर्षं म्हणजे मोठा छेद जाऊन लहान छेद येण्याचाच काळ. त्या काळात हा आकडा हललेला नाही. वेदना कमी झाल्या, रुग्णालयातले दिवस कमी झाले, कूस वाचली. जिवाची जोखीम होती तिथंच राहिली.

दात्यासाठी दुर्बीण आणण्यामागचा हेतूच मुळी देणाऱ्याच्या वाटेतला अडसर काढणं हा होता. जखमेच्या आणि बुडणाऱ्या रोजगाराच्या भीतीनं मागे सरणारे लोक पुढे यावेत, अशी ती सरळ इच्छा. ती सफलही झाली. पण अडसर दोन्ही बाजूंनी निघतो. देणं जसं सोपं होतं तसं मागणंही. पूर्वी धाकट्या भावाला, मेव्हण्याला, बायकोला "तुझी कूस कापून दे" म्हणताना जीभ अडखळायची. आता "दुर्बिणीनं होतं" म्हटलं की विषय अर्धा संपतो. आणि मागणं सोपं झालं की ते कोणाच्या दारी जातं, हे आपल्या घरांत सांगायला ज्योतिषी लागत नाही. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यांतली २९ हजारांहून अधिक पुरुषांना मिळाली, स्त्रियांना सात हजारांहून कमी. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायका आणि आया पुढे.

हे दुर्बिणीमुळे झालं असं मी म्हणत नाही. दुर्बीण यायच्या आधीपासून आपलं घर असंच आहे. पण दुर्बीण आणि घरातली बाई यांची आपल्याकडे जुनी ओळख आहे, ती विसरून चालणार नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यांत दुर्बीण पोहोचली ती किडनीसाठी नव्हे, पित्ताशयासाठीही नव्हे. ती आली कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. 'टाक्याचं की बिनटाक्याचं' हा शब्दप्रयोगच तिथला. काकूंच्या तोंडी तो आला तोही तिथूनच. पुरुषाची नसबंदी याहून सोपी, पोटात शिरायची गरजच नाही. तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के. बाईचं ऑपरेशन 'काय ते दोन मिनिटांचं' म्हटलं गेलं आणि मग ते खरोखरच मिनिटांच्या हिशेबानं होऊ लागलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका सर्जननं एका दिवसात ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या शिबिरांनंतर डझनभराहून अधिक स्त्रिया दगावल्या. औषधं दूषित होती की संसर्ग झाला, यावर वाद झाला. ८३ हा आकडा मात्र वादातीत होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितली. दुर्बिणीचा इथं दोष नव्हता. छेद लहान आहे म्हणून बाकीचंही सगळं लहान करायची मुभा मिळाली असं आपण समजलो, हा दोष होता.

इथं कोणी विचारेल, मग काय, बायकांच्या रक्षणासाठी पुन्हा बरगड्या कापायच्या? अर्थातच नाही. वेदनेचा उपयोग कुंपण म्हणून करणं हा क्रूरपणा झाला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बायको नवऱ्याला प्रेमानं किडनी देते, तिच्या प्रेमावर शंका घेणारे तुम्ही कोण? वहिनींना मी हे भीतभीत विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी मनापासून दिली. पण नको म्हणायची वेळ आली असती, तर कसं म्हणायचं ते मला माहीत नव्हतं." या दोन वाक्यांतलं पहिलं खरं आहे म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. प्रेम होतं म्हणून संमती मोकळी होती, असा अर्थ त्यातून निघत नाही.

कायद्याला याची जाणीव आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचा मुख्य रोख पैशाच्या व्यवहारावर होता, आणि तो हवाच होता. पण २०१४ च्या नियमांत स्त्री दात्यासाठी वेगळी दक्षता सांगितली आहे: तिची संमती तिची स्वतःची आहे याची खातरजमा रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून व्हावी. कागदावर होतेही. आमच्याकडेही झाली. कॅमेऱ्यासमोर विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला वहिनींनी 'हो' म्हटलं, आणि दाराबाहेर सासर बाकावर बसलेलं होतं. माझ्या मते छेद जितका लहान होत जाईल, तितकी ही संमतीची खोली मोठी होत गेली पाहिजे. समुपदेशन एकदा नव्हे, दोन-तीनदा, मधे दिवस जाऊ देऊन. माहेरचं किंवा तिनं निवडलेलं माणूस सोबत. आणि नकाराला एक सभ्य दार: डॉक्टरांनी घरच्यांना फक्त 'वैद्यकीय कारणानं जुळत नाही' एवढंच सांगायचं, ही अनेक ठिकाणची जुनी रीत आहे. ती उपकार म्हणून नव्हे, नियम म्हणून हवी. त्याच्या जोडीला मेंदूमृत व्यक्तींच्या अवयवदानाचं काम. २०२३ मध्ये अशा दात्यांची संख्या देशात पहिल्यांदा हजारापुढे गेली. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा शोभत नाही. तो वाढत नाही तोवर प्रत्येक निकामी किडनीची चिठ्ठी घरातल्याच कोणाच्या तरी नावानं निघणार.

पण सगळ्यात मोठं नुकसान मला ऑपरेशननंतर दिसलं, आणि ते कुठल्याच फॉर्मात नाही. मोठ्या छेदाचा एक उपयोग होता: तो दिसायचा. कुशीवर वीतभर टाके असलेल्या बाईला कोणी कळशी उचलायला सांगत नसे. व्रण हेच तिचं रजेचं प्रमाणपत्र होतं. वहिनींच्या डिस्चार्ज कार्डावर सहा आठवडे जड उचलायचं नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. घरी आल्यावर दोन दिवस खांदा दुखत होता. पोटात भरलेल्या गॅसमुळे तो दुखतो, पण घरात सगळ्यांना वाटलं, अवघडला असेल. पंधराव्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या पाण्याचं पिंप भरत होत्या. मी ओरडलो तर म्हणाल्या, "वरून काही दिसत नाही ना, मग बसून राहायला लाज वाटते." दादाच्या गोळ्यांचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं होतं, त्याचा मास्क, त्याची वेगळी ताटवाटी, कोणी भेटायचं नि कोणी नाही, सगळं काटेकोर. आणि ते तसंच असायला हवं. वहिनींचं कार्ड औषधांच्या पिशवीत तळाशी होतं.

केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये अवयव देणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ४२ दिवसांपर्यंतची विशेष रजा मंजूर केली. त्या आदेशातला एक तपशील मला फार शहाणपणाचा वाटतो: अवयव काढायची शस्त्रक्रिया कोणत्याही प्रकारची असो, कमाल मर्यादा तीच. म्हणजे सरकारी बाबूनंसुद्धा छेद मोजला नाही. बाबूला जे कळलं ते स्वयंपाकघराला कळलेलं नाही, कारण तिथं रजेचा अर्ज कोणाच्या टेबलावर ठेवायचा हेच ठरलेलं नाही. दात्याची दरवर्षी रक्तदाब, लघवी, क्रिएटिनिनची तपासणी व्हायला हवी. उरलेल्या एका किडनीवर पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. त्या तपासणीचा खर्च आणि आठवण दोन्ही प्रत्यारोपणाच्याच हिशेबात धरली गेली पाहिजे, दात्याच्या उत्साहावर सोडता कामा नये.

उत्साहावर सोडलं की काय होतं ते सांगून थांबतो. वर्ष पुरं होत आलं तेव्हा वहिनींच्या तपासणीची तारीख मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून आलो होतो. दूधवाल्याच्या खुणा आणि चतुर्थीच्या मधोमध, ठळक. महिन्याभरानं पुन्हा गेलो तर पान उलटलेलं होतं. मी विचारलं. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या दादाच्या रक्ताचे रिपोर्ट फाइलला लावत होत्या, तारखेनुसार, एकही न चुकवता. काकू मात्र म्हणाल्या, "अरे, तिला काय झालंय? दिसतंय का काही?"